उजवीकडून वाचणारं यंत्र

उस्ताद वग्दींचा चहा चुकून प्यायलेला माणूस ती चूक पुन्हा करत नाही. काळाकुट्ट, आणि वर ते स्वतःच्या हाताने साखर ओतणार ती एवढी की ढवळताना चमचा अडखळावा. माझा चहा फिका आणि बिनसाखरेचा. त्याला ते "आजारी पाणी" म्हणतात. दोन्ही चहा एकाच किटलीतले. पहिला ग्लास फिका उतरतो, दुसऱ्यात तळाचा मुरलेला येतो. उस्तादांच्या पत्नी इव्हॉन, ज्यांना मी तांत, म्हणजे मावशी म्हणते, वरच्या मजल्यावरून ट्रे घेऊन येतात आणि उजवीकडून सुरुवात करतात. माझी खुर्ची उजवीकडे, त्यांची डावीकडे. वर्षानुवर्षं ज्याला त्याला आपापला चहा मिळत होता, आणि त्यासाठी कुणाला एक शब्द बोलावा लागला नव्हता.

आमची खोली म्हणजे कैरोपासून जवळच्या फयूम गावातल्या एका गल्लीत, कबुतरांचा दाणा विकणाऱ्या दुकानाच्या वर. खाली कबुतरं घुमतात, वर आम्ही. उस्ताद मुळात शाळेत गणित शिकवायचे. कधीकाळी शाळेने टाकून दिलेलं एक करडं यंत्र, म्हणजे जुना कॉम्प्युटर, त्यांनी घरी आणलं आणि त्याच्यावर प्रोग्राम लिहायची सी भाषा शिकले. शिकले म्हणजे काय, गावात ना पुस्तक येत होतं ना शिकवणारा. एक ओळ लिहायची, यंत्र काय करतं ते बघायचं, आणि ते डोक्यात पक्कं करायचं. "करून बघ" हा त्यांचा एकच मंत्र. अर्ध्या फयूमला त्यांनी असंच शिकवलं. मी कॉलेज संपवून त्यांच्याकडे आले तेव्हा सगळ्या जगावर चिडलेली होते. घरी लग्नाचा लकडा लागला होता आणि कुठल्याही ऑफिसात मला फाइली लावण्यापलीकडे काम मिळत नव्हतं. उस्तादांनी काहीही न विचारता टेबलाची अर्धी बाजू मोकळी करून दिली. मी चिडकी अजूनही आहे, पण त्या टेबलावर बसून चिडते.

खोलीच्या भिंतीवर त्यांनी हिरव्या रंगाने एक वाक्य रंगवून ठेवलं होतं: "कंसात यंत्र उजवीकडून वाचतं."

ही त्यांची लाडकी गंमत होती. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ते खडूने फळ्यावर एक कंस काढत, त्यात दोन कामं लिहीत आणि विचारत, "यातलं आधी कुठलं होईल?" मुलं म्हणत, डावीकडचं, कारण भाषा इंग्रजांची. उस्ताद मिशीत हसत आणि करड्या यंत्रावर करून दाखवत. आधी उजवीकडचं व्हायचं, मग डावीकडचं. "बघा! बाहेरून साहेब आहे, पण कंसात शिरला की आपलाच!" वर्ग टाळ्या वाजवायचा. मीही वाजवल्या होत्या. आमच्याकडे लिहायचं उजवीकडून, घरात शिरायचं उजव्या पायाने, वाढायचं उजव्या हाताच्या माणसापासून. यंत्रानेही तसंच करावं यात आम्हाला नवल वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आणि जे बरं वाटतं ते कोण तपासायला जातो?

इज्बत तूत या वाडीच्या कालव्यावरचं दार हे उस्तादांचं सगळ्यात अभिमानाचं काम. लोखंडी दार, ते आपलं आपण उघडतं आणि मिटतं. एकाच तारेवरून त्याला दोन आकडे येतात: आधी दाराच्या वरचं पाणी किती, मग दाराच्या खालचं किती. खाली शेतांकडे पाणी कमी असेल तर दार उघडायचं, पुरेसं झालं की मिटायचं, आणि वर कालव्यातच पाणी उतरलं असेल तर इतर गावांसाठी राखायचं. प्रोग्राममध्ये उस्तादांनी एक ओळ लिहिली होती. कंसात दोन जागा, दोन्हींत एकच हुकूम: पुढचा आकडा आण. पहिला आकडा उजवीकडच्या जागेत पडणार हे धरून त्यांनी उजवी जागा वरच्या पाण्याला दिली होती आणि डावी खालच्या. ती ओळ त्यांना फार आवडायची. "दोन आकडे, एक ओळ, एक थेंब सांडत नाही," म्हणायचे.

दारावर राखणीला होते दर्दीर. सगळं गाव त्यांना अम्म म्हणतं, काका म्हणावं तसं. दार बिघडलं तर हँडल फिरवून हाताने मिटायचं एवढंच त्यांचं काम, आणि दार कधी बिघडायचं नाही. म्हणून ते दिवसभर तुतीखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढायचे. दोन्ही कामांत माणूस वाकबगार.

त्या वर्षी करडं यंत्र म्हातारं झालं. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, नवी पेनड्राइव्ह त्याला ओळखता यायची नाही. मी नवं यंत्र आणलं, लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर चढवला, दाराचा प्रोग्राम त्याच्यावर पुन्हा तयार करून दारात बसवला. त्यातलं एक अक्षर बदललं नाही. कंपायलरने चकार शब्द काढला नाही. करडं यंत्र उस्तादांनी भंगारात देऊ दिलं नाही, उचलून वर घरी नेलं. तांत म्हणाल्या, "मुलगा शिकायला बाहेर गेला तेव्हा खोली रिकामी झाली म्हणून रडला होतास. आता भरली."

काही दिवस सगळं ठीक चाललं. वर-खाली पाणी जवळपास सारखंच होतं, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मग एका सकाळी अम्म दर्दीर जिन्यावरून वर आले. अंगातली पायघोळ गलाबिया गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"उस्ताद, तुमच्या त्या लोखंडी कार्ट्याला आज काय झालंय? शेतं गळ्यापर्यंत भरलीत आणि हा आणखी ओततोय! वर कालव्यात तळ दिसायला लागला. वरच्या गावचे मला शिव्या घालतायत, खालचे पण मलाच घालतायत, आणि मी मधे उभा राहून हँडल फिरवतोय. या वयात!"

"बंद केलंत ना दार?" मी विचारलं.

"नाही, पोहायला सोडून आलोय! केलं हो बंद, इंजिनियरबाई. पण बाबूनाच्या औषधी फुलांचा वाफा बुडाला. फुलं तोडणीला आली होती. आणि वाफा कुणाचा? माझ्याच बहिणीचा! आता तिच्या हातचं बदक मला या जन्मी मिळत नाही."

मला हसू आलं, पण उस्ताद हसले नाहीत. ते प्रोग्राम उघडून त्या ओळीकडे बघत होते. मग त्यांनी आकडे तपासले. दार वरचं पाणी खालचं समजत होतं आणि खालचं वरचं. भरलेल्या शेतांना कोरडं समजून पाजत होतं.

"ही ओळ मी लिहिली," ते हळूच म्हणाले. "करून बघितली होती."

"मी एक अक्षरही हलवलं नाही, उस्ताद."

"माहीत आहे पोरी. तुझं नाव कोण घेतंय?"

कालव्याच्या ऑफिसातून फोन आला: प्रोग्राम नीट होईपर्यंत दार हाताने चालवा. अम्म दर्दीर कण्हत कुंथत परत गेले. मला वाटलं, झालं, आता बसून शोधू. पण उस्ताद त्यानंतर माझ्याबरोबर शोधायला बसलेच नाहीत. ते वर जायचे, बराच वेळाने खाली यायचे, ओळीकडे बघायचे आणि पुन्हा वर जायचे. मी बोलायला गेले की म्हणायचे, "थांब, मला आधी एक बघू दे." चेहरा असा, जणू खिशातली वस्तू हरवली आहे आणि कुणाला सांगायची लाज वाटते आहे. मला राग आला. म्हटलं, दुकान दोघांचं, डोकेदुखी दोघांची, मग हे एकटे का कुढतायत?

आणि एका दुपारी त्यांनी खोलीच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या.

"आजपासून दुकान तू बघ."

"आणि तुम्ही?"

"मी वर. चहा पीन. तू कालव्याच्या ऑफिसला कळव, चूक वग्दीच्या डोक्याची होती."

"डोक्याची म्हणजे?"

ते जिना चढून गेले. मी किल्ल्या उचलून पिशवीत टाकल्या. भिंतीवरच्या खिळ्याला लावायला माझा हात होईना.

तांत इव्हॉन जिन्यातच भेटल्या. मला ओढून बाजूला नेलं.

"कौसर, तो सकाळी उठल्या उठल्या मला विचारतो, 'काल संध्याकाळी मी काय जेवलो?' मी सांगायला जाते तर म्हणतो, 'थांब, सांगू नको, मला आठवू दे.' अगं उपासाचे दिवस, रोजच मसूर! त्यात आठवायचं काय?" त्या हसल्या आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा तशी ओढणी लावली. "कैरोच्या डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. मला कळू नये म्हणून फोन गच्चीवर जाऊन केला. गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकू गेला."

मग मला उलगडा झाला. उस्तादांचे वडील घड्याळजी होते. गावातली सगळी घड्याळं त्यांच्या हाताखालून गेलेली. शेवटी शेवटी त्यांना काट्यांवरून वेळ कळेना, आणि ते आपल्याच बायकोला "बाई, आपण कोण?" असं फार अदबीने विचारायचे. उस्तादांनी ते सगळं जवळून बघितलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी चहात मीठ घातलं होतं, मला दोनदा माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. आम्ही चेष्टा केली होती. ते तेव्हाही हसले नव्हते, हे मला आत्ता आठवलं.

"पण त्या ओळीचं काय?" मी विचारलं.

"तीच तर! वर त्या जुन्या धुडावर तो ती ओळ टाइप करतो, तर बरोबर येतं. खाली येऊन बघतो, तर चूक. पुन्हा वर, बरोबर. म्हणतो, 'इव्हॉन, माझी बोटं एक लिहितात आणि डोळे दुसरंच वाचतात. बाबांचं असंच सुरू झालं होतं.'"

जुन्या यंत्राला पेनड्राइव्ह चालत नव्हती, म्हणून ते दर वेळी ओळ हाताने टाइप करत होते. त्यामुळे दोन्हीकडची ओळ एकच आहे याची त्यांना खात्री उरली नव्हती. यंत्र बदललं असेल असं त्यांच्या मनात आलंच नाही, कारण त्यांच्या लेखी भाषा म्हणजे भाषा. यंत्र बदललं म्हणून दोन आणि दोन पाच होतात का? मग उरलं काय, आपलं डोकं. घाबरलेला माणूस किती सरळ रेषेत चुकतो!

मी त्या दिवशी आवाज चढवला. उस्तादांसमोर कधी चढवला नव्हता.

"ते धूड खाली आणा! आत्ता!"

मी आणि तांतनी मिळून करडं यंत्र जिन्यावरून उतरवलं. उस्ताद मागून "हळू, हळू, त्याची कड लागेल" करत आले. मी ते नव्या यंत्राशेजारी टेबलावर ठेवलं.

"आता मी टाइप करते. तुम्ही हात खिशात घाला. तांत, तुम्ही साक्षीदार."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"अक्षरं दोन्हीकडे सारखी आहेत का, एवढं कळेल ना?"

"याच्या शर्टाची बटणं रोज तपासते, अक्षरं काय!"

मी दाराची भानगड बाजूला ठेवली आणि अगदी छोटा प्रोग्राम लिहिला. एक हुकूम, जो पहिल्यांदा विचारलं की एक म्हणतो, दुसऱ्यांदा विचारलं की दोन. तोच हुकूम कंसात दोनदा, आणि काय पडलं ते दाखव. करड्या यंत्रावर टाइप केला, नव्या यंत्रावर टाइप केला. तांतनी बोट ठेवून ठेवून अक्षरं जुळवली आणि मान हलवली. सारखी होती. मग दोन्ही चालवले.

करड्या यंत्रावर आलं: दोन, एक. नव्यावर: एक, दोन.

खाली कबुतरं घुमत होती. मग तांत इव्हॉन उस्तादांकडे वळून म्हणाल्या, "हे बघ वग्दी. कौसरच्या बोटांनाही तुझाच रोग झालाय."

उस्ताद खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. "पुन्हा." पुन्हा केलं. तेच आलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि हातांच्या आडून म्हणाले, "म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही, उस्ताद."

मला वाटलं आता सुटलो. पण उस्ताद शेवटी उस्ताद. डोळे पुसले आणि पहिलं वाक्य काय, तर, "हे तुझं नवं यंत्र खोटारडं आहे!"

"खोटारडं का? सरळ डावीकडून एक, दोन म्हणतंय."

"भाषा उजवीकडून वाचते!"

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं! भिंतीवर लिहिलंय!"

त्यांच्या अंगात एकदम बळ आलं. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवात झाली. कैरोतला एक म्हणाला, उजवीकडून, उस्ताद, तुम्हीच तर शिकवलंत. अलेक्झांड्रियातला म्हणाला, माझ्याकडे डावीकडून होतंय, पण तुमचं मन दुखवायला नको म्हणून बोललो नव्हतो. तिसऱ्याने तर दोन्ही पाहिलं होतं. जो तो आपल्या यंत्राची शपथ घ्यायचा. उस्ताद एकेका फोननंतर जिंकायचे आणि पुढच्या फोनला हरायचे. भांडण मिटायचं नावच घेईना. खरं तर मिटणारच नव्हतं, कारण प्रत्येकजण आपण काय बघितलं तेच सांगत होता, आणि कुणीच खोटं बोलत नव्हतं.

"उस्ताद," मी म्हटलं, "मानक बघू या."

मानक म्हणजे या भाषेची नियमांची पोथी. देशोदेशीची माणसं एकत्र बसून, एकेका शब्दावर भांडून ती ठरवतात: या ओळीचा अर्थ हाच, त्या ओळीचा तोच. तिचा मसुदा माझ्या यंत्रात कधीचा पडून होता. अडलं की मी तेवढ्यापुरतं पान बघायचे. उस्तादांना तिचा मनापासून तिटकारा. "वकिलांनी लिहिलेली भाषा वकिलांनी वाचावी. आपण करून बघावं," असं ते म्हणत. त्यात त्यांची चूक तरी काय? त्यांना हे ज्या काळात हवं होतं, तेव्हा फयूममध्ये ते येतच नव्हतं.

त्या पोथीचं इंग्रजी वाळलेल्या पावासारखं आहे. कंसातल्या कामांबद्दलचा भाग सापडला तेव्हा मी तो आधी मनात वाचला, मग मोठ्याने, मग आमच्या साध्या बोलीत सांगितला. कंसात जेवढं काही आहे ते सगळं हुकूम सुटायच्या आधी होईल, हा शब्द दिला आहे. पण त्यात आधी कुठलं आणि मग कुठलं, याचा शब्द दिलेला नाही. कंपायलरने त्याला सोयीचा वाटेल तो क्रम घ्यावा. ज्याला ठरावीक क्रम हवा, त्याने कामं वेगवेगळ्या ओळींत, एकापाठोपाठ एक लिहावीत. मग तो क्रम कुणी मोडणार नाही.

"पुन्हा वाच," उस्ताद म्हणाले.

मी वाचलं.

"म्हणजे माझं जुनं यंत्र बरोबर?"

"बरोबर."

"आणि हे नवं?"

"तेही बरोबर."

"मग चुकलं कोण?"

"आपण. जे मागितलंच नव्हतं ते मिळणार असं धरून चाललो."

त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग हसायला लागले. एवढे हसले की ठसका लागला आणि तांतनी पाठीत थाप मारली. "पोरी, आम्ही हे ठरवलेलं नाही, हे सुद्धा यांनी लिहून ठेवलंय!" मग थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "ते बिचारं रोज तेच करत होतं. मला वाटलं, शब्द दिलाय. ती नुसती सवय होती."

मी पण तोवर मानकाबद्दल चुकीचंच समजत होते. मला वाटायचं, नियमांची पोथी म्हणजे प्रत्येक गोष्ट बांधून टाकायची. तसं नाही. कालवा ओलांडायला दगड टाकलेले असतात, त्यातला हा पक्का आणि तो हलणारा हे आधी कुणी सांगितलं, तर माणूस निर्धास्त पलीकडे जातो. हलणारा दगड पक्का झालाच पाहिजे असं नाही, तो हलतो हे सगळ्यांना एकसारखं माहीत पाहिजे. आणि हे ठरवायला वय लागत नाही, मोठा आवाज लागत नाही, कुणाचं यंत्र महाग ते लागत नाही. उस्ताद आणि मी त्या टेबलावर भांडायला बसलो होतो आणि दोघांपैकी कुणीही न हरता उठलो. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

ओळ मोडायला क्षणभरही लागला नाही. आधी वरचं पाणी वाच. मग खालचं पाणी वाच. मग दोन्ही दाराला दे. तीन साध्या ओळी, उस्तादांच्या लाडक्या एका ओळीच्या जागी. "दिसायला अगदीच गरीब आहे," ते म्हणाले. "पण खाऊन पिऊन सुखी." करड्या यंत्रावर आणि नव्यावर दोन्हीकडे चालवलं. दोन्हींनी एकच उत्तर दिलं.

आम्ही इज्बत तूतला जाऊन ते बसवलं. अम्म दर्दीर हँडलला हात लावून उभे, लोखंडावर त्यांचा काडीचा विश्वास उरला नव्हता. खालचं पाणी खुणेला लागलं आणि दार करकरत मिटलं. अम्मनी हात काढला.

"माझी कंबर तुम्हाला दुवा देतेय, उस्ताद. काय केलंत याला? मारलंत?"

"नाही हो, अम्म. नीट सांगितलं."

"आधी नीट सांगितलं नव्हतं?"

"मला वाटलं, आपलाच आहे, न सांगता कळेल."

"आपल्यांनाच तर सगळं सांगावं लागतं," अम्म म्हणाले. "माझ्या बहिणीला विचारा. बाबूना गेला तो गेला, पण मी विचारपूस करायला का आलो नाही, यावरच ती रुसून बसलीय." बाबूनाचा अर्धा वाफा वाचला होता. फुलं उन्हात पसरून ठेवलेली तिथून दिसत होती.

त्या आठवड्यात उस्तादांनी पुन्हा सगळ्या विद्यार्थ्यांना फोन केले. या वेळी जिंकायला नाही. ते वाक्य चुकीचं शिकवलं, जिथे जिथे कंसात क्रम धरून चालला असाल तिथे ओळी मोडा, असं एकेकाला सांगितलं. दमियत्ताचा एक विद्यार्थी होता, हुशार, पण एका कारखान्याचा प्रोग्राम असाच अचानक उलटा चालायला लागल्यावर त्याने हे काम सोडून भावाच्या सुतारकामात जम बसवला होता. उस्तादांचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे उस्ताद, त्या वेळी मी मूर्ख नव्हतो तर." उस्तादांनी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी कामात असल्याचं दाखवलं.

भिंतीवरचं वाक्य त्यांनी पुसलं नाही. हिरवा रंग आणून त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: "हे माझ्या जुन्या यंत्रापुरतं. शब्द कुणी दिलेला नाही."

डॉक्टरकडे जायचं त्यांनी रद्द केलं होतं, पण तांतनी ऐकलं नाही. "यंत्राचं डोकं तपासलंस, आता तुझंही तपासून घे," म्हणून त्यांना कैरोला नेलंच. डॉक्टरने भरपूर प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, रक्त तपासलं. डोकं वयाच्या मानाने ठणठणीत आहे, म्हणाला, साखर तेवढी कमी करा. चहातल्या मिठाचं काय, असं उस्तादांनी स्वतःहून विचारलं. डॉक्टर म्हणाला, चष्मा बदला.

परत आल्याच्या दिवशी ते खाली आले आणि डावीकडच्या आपल्या खुर्चीत बसले. मागून तांत ट्रे घेऊन आल्या. किटली, दोन ग्लास. टेबलाशी पोचल्या आणि थबकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आधी कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या. "तुमचं ते सगळं ऐकल्यापासून मला साधा चहा वाढायची भीती वाटायला लागलीय."

उस्तादांनी माझ्यापुढे तळहात पसरला.

"आधी किल्ल्या," ते म्हणाले. "मग चहा."

मी पिशवीतून किल्ल्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. तांतनी पहिला ग्लास ओतला आणि माझ्यापुढे ठेवला, मग दुसरा ओतून त्यांच्यापुढे.